सडकेकडचा पट्टा

आमच्या भागात मुलाचं घर बघायला पाहुणे येत, तेव्हा ते घर सगळ्यात शेवटी बघत. आधी बघत रान, आणि तेही एस.टी.च्या खिडकीतून. जमीन किती, विहीर कशी, खाणारी तोंडं किती, हे सगळं मध्यस्थानं सांगितलेलं असे. पण मध्यस्थ हा दोन्हीकडचं जेवलेला माणूस. त्याच्या सांगण्यात पीठ किती आणि मीठ किती, हे ज्याचं त्यानं ओळखायचं. उभं पीक मात्र खोटं बोलत नाही, अशी सगळ्यांची समजूत होती. पिकालाही खोटं बोलायला शिकवता येतं, हे सिद्ध करायचा मान पुढं आमच्या घराला मिळाला.

आमचं गाव उदगीर-मुखेड रस्त्यावर. आमचं रान सडकेला लागूनच, पण सगळं नाही. सडकेला चिकटून पाऊण एकराचा एक लांबट पट्टा, त्याच्या उताराला आमची विहीर, आणि विहिरीमागं बाभळींची रांग. उरलेलं सहा एकर त्या बाभळींच्या आड. म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या जगाच्या लेखी आम्ही पाऊण एकराचे मालक. त्यातून तिथंच पुलाजवळ गाडी हळू व्हायची, त्यामुळं त्या पाऊण एकराकडं लोक निवांत बघायचे.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. माझा थोरला भाऊ तिथल्या एका नव्या कचेरीत शिपाई लागला होता. वहिनी तान्ह्या लेकराला घेऊन गावीच होती. सडकेवरनं साहेबांच्या जिपा जायला लागल्या होत्या. वडील, म्हणजे आमचे अप्पा, सकाळी कपाळाला विभूती लावून पुलाच्या कठड्यावर जाऊन बसत आणि प्रत्येक जीप आमच्याच ज्वारीची पाहणी करायला निघाली आहे असं समजून ताठ होत. जिल्हा नवा होता, पण पाऊस जुन्याच वळणाचा होता. दोन सालं त्यानं तोंड दाखवल्यासारखं केलं आणि गेला.

त्यातल्याच एका साली माझं पहिलं स्थळ मोडलं. पाहुणे गाडीतून उतरले, चहा घेतला, गेले, आणि चार दिवसांनी मध्यस्थ, म्हणजे माझे सख्खे मामा, निरोप घेऊन आले.

"काय म्हणले?" अप्पांनी विचारलं.

"म्हणले, रान पिवळं हाय. पोरगीबी पिवळी पडंल."

अव्वा, म्हणजे आई, म्हणाली, "आन् पोराबद्दल काय म्हणले?"

"पोराबद्दल कायच म्हणले न्हाईत."

हे ऐकून मला जरा बरं वाटलं होतं. रानावर खापर फुटलं म्हणजे तोंडाला नाव ठेवलं नाही, असा मी अर्थ काढला. अप्पांनी मात्र ते मनावर घेतलं. पुढच्या पाहुण्याला हिरवं रान दिसलंच पाहिजे, आणि त्यासाठी जे करायचं ते करायचं, असं त्यांनी ठरवलं.

पुढच्या मृगाआधी सोसायटीतून युरियाची तीन पोती मिळाली. ती सगळ्या रानाला पुरवायची होती. अप्पा म्हणाले, "तिन्ही सडकेला."

"आन् मागच्या रानाला?" अव्वानं विचारलं.

"मागचं रान कोण बघायलंय?"

"मी बघायले की," अव्वा म्हणाली. पण तिचं लग्न होऊन पंचवीस वर्षं झाली होती, तिला दाखवून आता काय मिळणार, असा चेहरा करून अप्पा बाहेर गेले. तरी अव्वानं तिच्या परीनं मागच्या रानाची सोय आधीच केलेली होती. उन्हाळ्यात धनगराच्या मेंढ्या तिनं तिथं बसवून घेतल्या होत्या. त्याबद्दल धनगराला ज्वारी आणि वर्षभर पुरंल एवढं तिखट दिलं होतं. ह्या व्यवहाराची आम्ही बाप-लेक थट्टा करायचो. अव्वाचं खत चार पायांवर चालत येतं आणि बे-बे करतं, असं मी म्हणायचो.

युरिया टाकायचं काम माझ्याकडं आलं, कारण मी शिकलेला होतो. बारावी सायन्सला मी दोनदा बसलो होतो, त्यामुळं 'नत्र' हा शब्द मला इतरांपेक्षा दुप्पट वेळा वाचायला मिळाला होता. नत्र म्हणजे पिकाची वाढ, पानाचा हिरवेपणा, एवढं पाठ होतं. किती झालं म्हणजे पुरे, हे पुढच्या धड्यात असावं. तिथवर मी दोन्ही वेळा पोचलो नाही.

हायब्रीड ज्वारी वितभर झाली आणि एक बरी सर येऊन गेली. मी पहिलं पोतं फोडलं. आठ दिवसांत पट्ट्याचा रंग बदलला. हिरवा, मग गर्द हिरवा, मग निळसर झाक मारणारा हिरवा. कंडक्टर गाडीच्या दारातनं ओरडला, "काय मालक, ज्वारीला डाय लावलाव का काय?"

अप्पा कठड्यावरनं खाली उतरेनात.

पहिल्या पोत्यानं एवढं होतं, तर दुसऱ्यानं किती होईल, हा हिशोब अप्पांनी मांडला आणि मी त्याला शास्त्रीय पाठिंबा दिला. दुसरंही टाकलं. आता ज्वारीची ताटं पुरुषभर उंचीला आली, पानं हातभर रुंद वाटायला लागली, आत शिरलं तर माणूस दिसेना. गावातली माणसं बघायला यायची. तिसरं पोतं टाकलं तेव्हा पाऊस थांबलेला होता, वरचा थर कोरडा पडला होता, आणि पांढरे दाणे मातीवर तसेच साबुदाण्यासारखे पडून राहिले. युरिया ओल मागतो, तो मातीआड करावा लागतो, एवढं मला कळत होतं. पण कोळपं धरायचं म्हणजे ऊन होतं, आणि अप्पा म्हणाले, "पडू दे. पाऊस आला की जाईल आपोआप."

तो गेलाही आपोआप. फक्त कुठं, ते आम्ही विचारलं नव्हतं.

त्याच दिवसांत आम्ही मुखेडच्या पुढं एका गावात मुलगी बघायला गेलो. मुलीचे वडील कोरडवाहू शेतकरी. घर साधं, अंगण सारवलेलं, दारात बाजेवर वाळत टाकलेल्या शेंगा. मुलगी आली, पोहे ठेवले, बसली. मामांनी नाव, शिक्षण, स्वयंपाक विचारून घेतला. तिच्या वडिलांनी रीतीप्रमाणं तिला म्हटलं, "तुला काय इचारायचं असंल तर इचार बाई." मुली तेव्हा काही विचारत नसत, मान हलवून उठत. हिनं सरळ माझ्याकडं बघून विचारलं, "तुमच्याकडं मूग करतात का?"

मला आधी वाटलं, पुरणाऐवजी मुगाचं काही करायची ह्यांच्यात पद्धत असेल; मग ती पिकाचं विचारतेय हे ध्यानात आलं. मी म्हणालो, "न्हाई. मुगात काय हाय? आमच्याकडं सगळं हायब्रीड."

'सगळं हायब्रीड' हे मी छाती पुढं काढून म्हणालो. ती नुसती "हाव का" म्हणाली आणि पोह्याची ताटली उचलून आत गेली. माझी अर्धी ताटली अजून खायची होती.

तरीही मला ती पसंत पडली. खरं सांगायचं तर त्या 'हाव का'मुळंच पडली. परत येताना गाडीत मी मामांना तीनदा विचारलं, "ते कधी येणार घर बघायला?" मामा म्हणाले, "पोळा झाला की. तवर रान सांभाळ."

रान सांभाळणं हेच तर आता अवघड होऊन बसलं. श्रावण कोरडा चालला. मागच्या रानातली ज्वारी मेंढ्यांच्या जोरावर बेताची वाढली होती आणि बेताच्या पाण्यावर तग धरून होती. सडकेकडच्या ज्वारीनं मात्र खाऊन-पिऊन अंग फुगवलेलं, तिला पाणीही तसंच लागायचं. जमिनीतली ओल तिनं आधीच ओढून संपवली होती. दुपारी पानं सुरळीसारखी वळायची. शेंडे करपले. आणि कोवळ्या लुसलुशीत पानांवर मावा पडला, सगळं चिकट झालं, हात लावला की गुळाच्या काकवीत घातल्यासारखा. मी रोज पहाटे विहिरीतनं कळशा भरून सडकेकडच्या पहिल्या चार तासांना, म्हणजे ओळींना, पाणी घालायला लागलो. फक्त चार. गाडीतनं त्याच्या आतलं दिसत नाही, हे मी आधी गाडीत बसून तपासलं होतं.

बायका सडकेनं जाताना हसायच्या. "काय नवरदेव, ज्वारीला न्हाऊ घालायलास का? हळद कवा लावणार?"

पोळ्याच्या आदल्या आठवड्यात एका दुपारी दहा मिनिटं ढगफुटीसारखा पाऊस पडला. जमीन पिऊ शकली नाही एवढ्या जोरानं पडला आणि थांबला. पट्टा धुतला गेला, पानं उभी राहिली, अप्पांनी हात जोडले. उताराला पाण्याच्या ओघळी पडल्या होत्या आणि त्या सगळ्या विहिरीत उतरल्या होत्या. विहिरीचं पाणी तेव्हा तळाला गेलेलं होतं. चार दिवसांनी ते हिरवं झालं.

"पाण्याला वास यायलाय," अव्वा म्हणाली.

"नव्या पावसाचा वास हाय," अप्पा म्हणाले.

पाहुणे यायच्या दिवशी आम्ही सगळे पुलावर जाऊन उभे राहिलो. मामांनी त्यांना निरोप दिला होता की पुलापाशीच उतरा. म्हणजे गाडी हळू होणार, पट्टा खिडकीतून दिसणार, उतरल्यावर समोरून दिसणार, आणि पट्ट्यापुढं फोटोतल्यासारखे आम्ही. मी इस्त्रीचा शर्ट घातला होता. गाडी आली, हळू झाली, कंडक्टरनं हात हलवला आणि गेली. पाहुणे नव्हतेच.

"चुकली वाटतं गाडी," मामा म्हणाले.

तेवढ्यात आमच्या पाठीमागनं आमच्यातला नमस्कार ऐकू आला, "शरणार्थ."

वळून बघतो तर पाहुणे, म्हणजे मुलीचे वडील, बाभळींच्या बाजूनं चालत येत होते. धोतराच्या सोग्याला कुसळं लागलेली. पाय मोकळे करावेत म्हणून अलीकडच्या फाट्यावरच उतरलो आणि पायवाटेनं आलो, म्हणाले. त्यांच्या हातात ज्वारीचं एक पान होतं.

"बाभळीमागचं रान कुणाचं?" त्यांनी विचारलं.

अप्पा जरा घोटाळले. "ते... ते आमचंच हाय."

"बरं हाय की. मेंढ्या बसवलावं का?"

"हाव. ते आमच्या घरात करतात कायतरी."

"आन् हे?" त्यांनी सडकेकडं बोट केलं.

"हेबी आमचंच," अप्पा म्हणाले, ह्या वेळी मोठ्यानं.

पाहुणे पट्ट्यात शिरले. पाणी घातलेल्या चार तासांच्या पलीकडं गेले. तिथं अप्पांचाही आवाज बारीक झाला. पाहुण्यांनी एक पान चिमटीत धरलं, बोटं एकमेकांना चिकटली ती हळूच सोडवली. मग खाली बघत, ओघळीवर पाय टाकत टाकत विहिरीपर्यंत गेले, वाकून आत बघितलं, आणि सरळ झाले. मी मागं-मागं इस्त्रीच्या शर्टात. काही विचारतील म्हणून मी सायन्समधली दोन-तीन वाक्यं जुळवून ठेवली होती. विचारलं नाही.

घरी बसल्यावर अव्वानं पाणी दिलं. शाळेजवळ सरकारी हापसा होता, पण पाहुण्यांना स्वतःच्या विहिरीचं पाणी द्यायचं ही पद्धत, आणि तोरा. पाहुण्यांनी गिलास उचलला, ओठाला लावला, आणि जसाच्या तसा खाली ठेवला.

ज्यांना आमच्याकडची रीत माहीत नाही त्यांना सांगतो. सोयरीक जुळवायला आलेल्या माणसानं पाणी ठेवलं, म्हणजे विषय संपला. पुढं बोलायला काही राहत नाही. मामा भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागले. दाराआड अव्वाच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या.

पाहुणे आतल्या दाराकडं बघून म्हणाले, "घरात तान्हं लेकरू हाय न्हवं? मघा रडायलं होतं."

"हाव, थोरल्याचं," अप्पा म्हणाले.

"वरचं दूध हाय का त्याला?"

आतनं वहिनी म्हणाली, "हाव. डब्याचं देते, पाण्यात कालवून."

"मग ह्या हिरीचं पाणी घालू नगा बाई. हापशाचं आणा."

अप्पांच्या कपाळावरची विभूती घामानं फुटली. "कामून? काय झालंय आमच्या पाण्याला?"

तेव्हा पाहुण्यांनी गिलासाकडं बघत सांगितलं. दोन सालांमागं त्यांनी युरियाची रिकामी पोती एका घमेल्यात धुतली होती. पावसात डोक्यावर घ्यायला खोळ करायची म्हणून. पाणी ओतून द्यायचं राहिलं आणि ते ठाणावरच्या बैलानं पिलं. "तासाभरात अंग थरथरायला लागलं. पोट फुगलं. मी त्याचं तोंड मांडीवर घेऊन बसलो. दुपारपातुर संपलं. जोडीतला बैल होता. राहिलेल्याला मी दुसऱ्या बैलासंगं जुपायला गेलो, तर लई दिवस मान देईना." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "राग मानू नगा. तवापासनं असल्या पाण्याचा घोट माझ्या गळ्याखाली उतरत न्हाई. तुमची ओघळ बघितली, तिचं तोंड बघितलं. मला गिळंना."

जेवले ते, पण पाण्याविना जेवले, आणि आमच्या तिखट आमटीला हे फार धाडसाचं काम. निघताना म्हणाले, "कळवतो." गाडी आली. ते चढले आणि सडकेपलीकडच्या, आमचं रान न दिसणाऱ्या खिडकीशी बसले.

अप्पा त्या दिवसापासून कठड्यावर बसायचे बंद झाले.

मला मुलगी गेल्याचं दुःख होतं, ते वेगळं सांगत नाही. पण मला खरं लागलं ते लेकराचं. ते पोरगं मी रोज खांद्यावर घेऊन हिंडायचो. त्याच्या बाटलीत काय जात होतं ते चार-आठ दिवस कुणालाच कळलं नव्हतं, आणि ते तिथं पोचवणारा, पोती फोडून मुठी मारणारा, मीच. त्याला काही झालं नाही, ही देवाची कृपा. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोन कळशा घेऊन हापशावर गेलो. तिथं बायकांची रांग. गडीमाणूस कळशी घेऊन उभा राहिला म्हटल्यावर त्यांना सण झाला.

"काय रं, ज्वारी सोडून आता हापशाला न्हाऊ घालायलास का?"

"पाहुणं पाणी न पिता गेलं म्हणं!"

"पितील कसं? ह्यानं हिरीतबी युरिया टाकला. मासं हिरवं व्हावं म्हणून."

मी कळशी भरली. रोज भरत राहिलो. आणि त्याच आठवड्यात पट्टा आणि विहीर यांच्यामध्ये आडवा चर खणायला घेतला, मांडीएवढा खोल. मातीचा बांध विहिरीकडच्या अंगाला घातला, त्यावर गवत लावलं. पुढं पाऊस पडला तर ओघळ चरात जिरावी म्हणून. हात सोलून निघाले. अप्पा लांबून बघायचे. तिसऱ्या दिवशी टिकाव घेऊन स्वतःच आले आणि दुसऱ्या टोकाकडनं खणायला लागले.

सुगीला मागच्या रानानं दुष्काळाच्या मानानं लाज राखली. सडकेकडच्या पट्ट्याची ताटं बाभळीएवढी, पण कणसं पोचट. कडबा माव्यानं काळा. तो जनावरांना घालायची अप्पांची हिंमत झाली नाही. त्यांना तो बैल आठवत होता, न बघितलेला. तीन पोती युरियातनं आम्ही कमावलं ते एवढं.

आणि मग, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, मामा आले.

"मुखेडचा निरोप हाय."

"नकार आधीच कळला," अप्पा म्हणाले.

"नकार न्हाई. होकारबी न्हाई. पाहुणं म्हणालेत, येत्या मृगाला त्या सडकेच्या पट्ट्यात मूग घ्या. शेंगा भरल्या की बघायला येतो. मग बोलू."

अप्पा उठून उभेच राहिले. "सडकेला मूग? गुडघ्याएवढं पीक? जीपवाले काय म्हणतील, ह्यांचं रान बसलं का म्हणून? स्थळ बघायलेत का बियाण्याची परीक्षा?"

"मग पोराला तुमच्या ज्वारीसंगंच लावून द्या," आतनं अव्वा म्हणाली.

माझ्या आयुष्यात तोवर मी अप्पांच्या पुढं एक वाक्य धड बोललो नव्हतो. त्या दिवशी म्हणालो, "मी पेरतो." आवाज फाटला, शेवटचं अक्षर वर गेलं, पण म्हणालो.

त्या साली पट्ट्यात मूग पेरला. मागच्या ज्वारीला सोसायटीतलं एकच पोतं घेतलं, आणि तेही दोन वेळा करून. ओल असेल तेव्हाच, तासाच्या कडेनं, चिमूट-चिमूट, आणि लगेच कोळप्यानं मातीआड. ऊन होतंच. कोळपं मीच धरलं. पान पिवळट दिसलं तरच दुसरा हात द्यायचा, नाहीतर पोतं तसंच ठेवायचं, हे मला अव्वानं शिकवलं. ती हातातल्या हिरव्या बांगडीला पान लावून बघायची. बांगडीपेक्षा गर्द असेल तर म्हणायची, "पोट भरलंय त्याचं, उगं वाढू नको." दोनदा बारावीला बसून जे कळलं नाही, ते एका काकणानं कळलं. काकण तिच्या हातात माझ्या जन्माआधीपासून होतं.

कंडक्टर गाडीतनं ओरडला, "काय मालक, औंदा डाय संपला वाटतं!" अप्पा त्या दिवसांत गावात पायवाटेनं जायचे.

पाऊस ह्याही साली मध्येच दडी मारून बसला. पण मुगाला काय, सव्वादोन महिन्यांचं पीक. आभाळ कोरडं पडायच्या आत तो फुलून शेंगांवर आला होता. अव्वा आणि वहिनी ओटीत शेंगा तोडत होत्या, आणि लेकरू बांधावर बसून शेंगा चावत होतं, तेव्हा पाहुणे आले. ह्या वेळी ते पुलापाशीच उतरले. आमच्या बाजूच्या खिडकीत बसून आलेले मी पाहिले.

त्यांनी एक झाड मुळासकट उपटलं, माती झटकली, आणि मुळ्यांवरच्या बारीक गाठी अंगठ्यानं फोडून अप्पांपुढं धरल्या. आतनं गुलाबी. "हे बघा. ह्यात बी युरियाच हाय. आभाळातनं घेतलेला. ह्याची ओघळ होत न्हाई." अप्पांनी माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली. ह्या गाठींचं चित्र पुस्तकात होतं. मी ते रंगवलंही होतं.

मग ते चरापाशी गेले. बांधावरचं गवत बघितलं. माझा हात हातात घेतला, तळवा वर केला, घट्ट्यांवरनं बोट फिरवलं, आणि सोडला.

घरी आलो. उन्हाळ्यात विहीर उपसून गाळ काढला होता, तरी अव्वा हापशाचंच पाणी भरायला निघाली. पाहुणे म्हणाले, "नगं अव्वा. हिरीचं द्या."

गिलास आला. त्यांनी तो उचलला आणि गटागटा सगळा पिऊन खाली ठेवला. मामांनी टाळी वाजवली. अव्वानं पदर डोळ्याला लावला. अप्पा उठून तांब्या घेऊन आले, "अजून घ्या, घ्या की."

"नगं, नगं," पाहुणे फार घाईनं म्हणाले. "पोट भरलं."

लग्न झालं. वर्षभरानं एकदा मी बायकोला अभिमानानं सांगत होतो, की तुझ्या वडिलांनी आमच्या विहिरीचं पाणी कसं एका दमात संपवलं. तिनं भाकरी थापताना मान वर केली नाही.

"दम रोखून पिले होते," ती म्हणाली. "घरी येऊन म्हणले, वास तसाच हाय. जमिनीत मुरलेलं इतक्यात निघत न्हाई. दोन तांबे आपल्या घरचं पाणी पिले तवा बरं वाटलं त्यास्नी."

"मग पिले कशाला?"

"तुमचे अप्पा बघायले होते म्हणं, गिलासाकडं."

एवढं सांगून तिनं भाकरी उलटली. मग म्हणाली, "आन् मूग मी सांगितला होता. ते म्हणत होते, तूर."

तिचं पाणी ती हापशावरनं आणायची. म्हणजे ती पुढं, मी दोन कळशा घेऊन मागं, आणि बायका अजूनही हसत होत्या. विहिरीचं पाणी आम्ही धुण्या-भांड्याला वापरायचो. सासरे येत तेव्हा त्यांना हापशाचं पाणी दिलं जाई, तरी प्यायच्या आधी ते गिलासात एकदा बघायचेच. आम्ही पट्ट्यात एक साल मूग, एक साल ज्वारी असं धरलं. मधे दोन पावसाळे चांगले झाले. विहीर भरली, उपसली, पुन्हा भरली.

आमची थोरली लेक रांगायला लागली त्या उन्हाळ्यात सासरे तिला बघायला आले. फाट्यावरनं चालत आलेले, घामाघूम. ती त्यांच्या मांडीवर चढून मिशी ओढत होती. अव्वानं पाणी आणून दिलं. ह्या खेपेला लेकीच्या नादात ते गिलासात बघायला विसरले आणि सावकाश, मधे दम घेत, सगळं पाणी पिले.

"हापसा औंदा गोड लागायलाय," ते म्हणाले.

माझी बायको दारात उभी होती, ती माझ्याकडं बघायला लागली. मी अप्पांकडं. अप्पा भिंतीला टेकून बसले होते. आता ते थकले होते आणि पुलापर्यंत जात नव्हते.

"हापसा न्हाई," अप्पा म्हणाले. "हिरीचं हाय."

सासऱ्यांनी रिकाम्या गिलासात आता वाकून बघितलं. मग तो अप्पांच्या पुढं धरला.

"अजून घाला," म्हणाले.